वरचा वेग

दातांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईंचा फोन स्पीकरवर होता. घरच्या छोट्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथ मशीनचा वेग बसवत त्यांचे वडील पलीकडून बोलत होते.

“मिनिटाला पाचशे फेरे टाकले, तर मीटर नऊशे दाखवतोय!”

“मग बंद करा, बाबा. संध्याकाळी मी येऊन बघते.”

“तुला कशाला त्रास? वेग ठरवणाऱ्या सर्किटच्या कार्डावरचा स्क्रू पिळला. आता बरोब्बर पाचशे!”

“आणि वरच्या वेगाला? खाली जुळला म्हणून वर जुळेलच असं नाही.”

“तेच बघतोय.”

“थांबा. आईला फोन द्या.”

“ती बाहेर गेलीय.”

“म्हणजे घरात एकटे? बाबा, तुम्ही मला शब्द दिला होता!”

“अगं, दोन मिनिटांचं काम. दोन हजार टाकतो.”

“चकच्या जबड्यात काही पकडलंय का?”

“पितळेचा तुकडा आहे.”

“आधी तो काढा! बाबा, ऐकताय ना?”

मशीनची घरघर चढत गेली, तिची शिट्टी झाली आणि धाडकन आवाज आला.

“बाबा?”

पलीकडे नुसती शिट्टी.

“बाबा, बोला ना!”

“मॅडम, तुमचा नंबर आला,” काउंटरवरची मुलगी म्हणाली.

“थांब गं जरा! बाबा!”

शिट्टी थांबली.

“आहे. मी आहे.”

“कुठे लागलं?”

“नाही लागलं. मीटर हातातून निसटला म्हणून वाकलो होतो. तुकडा डोक्यावरून गेला. मागच्या दारात रुतलाय.”

“मेन स्विच बंद करा.”

“केला.”

“मी निघालेच. ठेवू फोन?”

“नको. पोचेपर्यंत बोलत राहा.”

“काय बोलू?”

“काहीही. ओरड हवं तर.”