एकशे अठ्ठाविसाव्या वर्षी पोलिओचे थेंब

…नाही, पण यात माझी चूक कशी? डबा लहान आहे, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं! तुम्हाला सांगते, दवाखान्याच्या संगणकाचं काम मी बघते; त्यात माणसाचं वय ठेवायला एक डबा असतो, आणि दवाखान्याचे प्रमुख, आमचे वाल्दिव्हिएसो साहेब, त्यांनी निवडला सगळ्यात चिमुकला, एकशे सत्तावीसपर्यंतचा. त्यात आणखी एक वर्ष कोंबलं, की आकडा गर्रकन उलटून थेट उणे एकशे अठ्ठावीस! म्हटलं, साहेब, डबा लहान आहे. साहेब केळ्याचं सूप भुरकत म्हणाले, "पोरी, एकशे सत्ताविसाच्या पुढे कोण जगतं गं?"

कोण जगतं? अहो, लोखा प्रांतातल्या या शंभरी गाठणाऱ्या म्हाताऱ्यांच्या खोऱ्यात राहून हे विचारायचं? इथे ऐंशी उलटली की माणूस दर वाढदिवसाला तीन-तीन वर्षांनी मोठा होतो! का, तर जत्रेत आतषबाजीच्या मनोऱ्याची वात पेटवायचा मान सगळ्यात वृद्धाला, आणि वृद्ध कोण हे दवाखान्याची यादी सांगणार. आनाक्लेतो आजोबा एकशे पंचवीस, की सोइला आजी लगेच सव्वीस, की आजोबा सत्तावीस, की आजीही सत्तावीस… आणि यंदा जत्रा आठवड्यावर आली तसे आजोबा काठी आपटत आले. म्हणाले, "लिही, एकशे अठ्ठावीस."

नर्सबाईंनी लिहिलं. झालं! आजोबा यादीच्या तळाला, काल जन्मलेल्या बाळाच्याही खाली, आणि यंत्रातून चिठ्ठी आली, की पोलिओचे थेंब घ्यायला आईसोबत यावे.

मागून सोइला आजी म्हणाल्या, "जा रे बाळा, थेंब घे. वात मी पेटवते."

साहेबांनी मला फर्मान काढलं, आजोबांना एक वर्ष कमी करायला सांग. सांगितलं. आजोबा हळूच म्हणाले, "पोरी, त्या बाईपुढे मी धाकटा होऊ?" त्यांचा तो चेहरा… मला बघवेना हो! म्हातारा माणूस यंत्रासाठी का वाकेल? यंत्रानं वाकावं! मीच बसले आणि डबा मोठा केला, बत्तीस हजारांच्या वर मावतील एवढा. आजोबा पुन्हा पहिले. इथे थांबायचं ना? पण साहेब! भर चौकात भोंग्यावरून, "आपल्या यंत्रात आता बत्तीस हजार वर्षांचं वय मावतं!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्यापुढे नुसत्या काठ्यांची रांग. सोइला आजी दोनशे. आजोबा साडेतीनशे. आज सकाळी आजी म्हणाल्या, "लिही, नऊ हजार. आणि त्याला सांग, मी त्याला कडेवर खेळवलाय."

जत्रेला अजून चार दिवस आहेत… आणि तुम्हाला सांगते, डबा लहान आहे.