पद्माकर काकांना आलेली दहा पत्रं

माननीय अध्यक्षा स्वातीताई, आजच्या प्रमुख पाहुण्या मिसेस हार्पर, आपल्या मराठी मंडळाचे सर्व आजी-माजी कमिटी मेंबर्स, आणि समोशांचा वास आल्यावर शेवटच्या रांगेतून हळूच किचनच्या दाराशी सरकलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, नमस्कार.

सुरुवातीलाच कबूल करून टाकतो. चार वर्षांपूर्वी मी नऊ खोटी पत्रं लिहिली. नऊ वेगवेगळ्या लोकांच्या नावानं. आणि ज्यांचा आज आपण निरोप समारंभ करतोय, त्या पद्माकर काकांच्या लेटरबॉक्समध्ये टाकली. त्या पत्रांमुळे हा माणूस इथल्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, इलेक्शनला उभा राहिला. झालं. सांगितलं.

स्वातीताई, माईक काढून घेऊ नका. तुम्हीच म्हणालात ना, "टाउन हॉलमध्ये काकांच्या निरोपाचा चहा लांबलाय, काकूही तिकडेच आहेत, ते येईपर्यंत नकुल, तू दहा मिनिटं खेच"? मग मी खेचतोय.

आणि सगळ्यांना एक विनंती. मिसेस हार्परांकडे बघू नका. त्यांना मराठी येत नाही, त्या छान हसतायत, त्यांना हसू दे. "काकांना पहिलं पत्र लिहून इलेक्शनला उभं करणाऱ्या बाई" म्हणून आपण त्यांना शाल दिलीये. ते पत्र मी लिहिलंय. गाडीत बसून, पार्सलच्या खोक्यावर कागद ठेवून, डाव्या हातानं.

आता तुम्ही विचाराल, का लिहिलंस? कारण काका-काकू इंग्लंड सोडून कायमचे पुण्याला चालले होते. आठवतंय ना? घर विकायला काढलं होतं. दारात बोर्ड लागला होता. मे महिन्यात जायचं, असं काकांनी ठरवलं होतं. 'काकांनी' ठरवलं होतं, हे लक्षात ठेवा.

मी तेव्हा नुकताच डिलिव्हरीला लागलो होतो. गणितात दोनदा नापास झालेल्या मुलाला दुसरं कोण घेणार? तिसऱ्यांदा पास झालो, तो काकांनी शिकवलं म्हणून. तर एक दिवस त्यांच्याच घरचं पार्सल निघालं. पॅकिंगची टेप, सहा रोल. काकूंनी दार उघडलं, खोकं हातात घेतलं आणि मला म्हणाल्या, "नकुल, हे परत पाठवता येतं का रे?"

"का हो काकू? टेप चांगली आहे की."

"तेच तर."

एवढंच बोलल्या. मी सही घ्यायची विसरलो. मग हळूहळू कळलं, की अक्षयाला, म्हणजे त्यांच्या मुलीला, तिकडे कार्डिफला, इथून गाडीनं जाण्याएवढ्या अंतरावर, पहिलं बाळ होणार होतं. काकूंना इथून हलायचंच नव्हतं. "मग काकांना सांगा ना!" मी म्हटलं. तर म्हणाल्या, "त्यांचं मन तिकडे लागलंय रे. मी नाही म्हटलं तर थांबतील, पण माझ्यामुळे थांबले असं होईल. ते मला नकोय."

आता सांगा, ही काय भानगड आहे? जायचं नाही, आणि थांब असंही म्हणायचं नाही! मला एवढं कळलं, की काकांना काकूंनी नाही, दुसऱ्या कुणीतरी थांबवायला पाहिजे.

आणि काकांचा वीक पॉइंट मला माहीत होता. आपल्या मंडळात कसं असतं? स्वतःहून कुणी सेक्रेटरी व्हायला उभं राहत नाही. लोकांनी नाव सुचवायचं, त्यानं "नको नको" म्हणायचं, लोकांनी आग्रह करायचा, परत "नको नको", मग तिसऱ्यांदा "बरं, तुम्ही म्हणताय तर". काका अठरा वर्षं असेच सेक्रेटरी झाले. आग्रह झाला की हा माणूस संपला.

म्हणून आग्रहाची नऊ पत्रं. "शाळेसमोर क्रॉसिंग नाही, तुम्ही उभे राहा." "बसचा रूट बंद करतायत, तुम्ही उभे राहा." "कचऱ्याचे बिन्स तीन आठवडे उचलले नाहीत, तुम्ही उभे राहा." माझ्या राउंडमधलीच घरं, नावं पार्सलवर वाचलेली. विचार केला, काका आठवडाभर हवेत राहतील, घराचा बोर्ड उतरेल, काम झालं. कुणाला काय कळतंय?

पण मी एक गोष्ट विसरलो. पद्माकर काकांना कुणी पत्र लिहिलं तर ते नुसतं वाचून ठेवतील? ते आभार मानायला जाणार! तेही हात हलवत नाही. काकूंना रव्याचे लाडू करायला लावले, आइस्क्रीमच्या रिकाम्या टबांमध्ये भरले, आणि मला फोन. "नकुल, तुला सगळी घरं माहीत आहेत. शनिवारी गाडी काढ."

म्हणजे माझ्याच नऊ खोट्या पत्रांच्या घरी, मीच ड्रायव्हर.

पहिलं घर, नंबर अठ्ठेचाळीस, मिसेस हार्पर. काका वाकून म्हणाले, थँक यू फॉर युअर काइंड लेटर. मी बुटाची लेस बांधायला खाली बसलो. माझ्या बुटाला लेस नव्हती. आणि मिसेस हार्पर दोन सेकंद थांबल्या, लाडवांकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "ओह! यू आर व्हेरी वेलकम, डिअर."

इंग्रज माणूस! समोरच्याला ऑकवर्ड व्हायला नको म्हणून न लिहिलेलं पत्रसुद्धा लिहिलं म्हणतो. आठ घरी हेच झालं. एका घरी तर "मी आधीच लिहायला हवं होतं" म्हणाले.

नववं, शेवटचं घर टेडचं. टेड कसा आहे तुम्हाला माहितीये. तो दारातच म्हणाला, "मी काही पत्रबित्र लिहिलं नाही."

मी मनात म्हटलं, नकुल, गाडी चालू कर आणि सरळ कार्डिफला जा.

पण काका हसले. त्यांना वाटलं, हा आपल्यासारखाच आहे, केलेलं सांगत नाही. "यू आर टू मॉडेस्ट," म्हणाले. टेड म्हणाला, "नाही, खरंच नाही लिहिलं." काका म्हणाले, "आय अंडरस्टँड, आय अंडरस्टँड," आणि टब त्याच्या हातात कोंबला. टेडनं तीनदा नको म्हटलं. त्या बिचाऱ्याला काय माहीत, आपल्यात तीनदा नको म्हणजे हो!

पुढच्या आठवड्यात टब धुऊन परत आला. आत टेडच्या बागेतली रूबार्बची आंबट, लाल देठं. आणि उमेदवारीचा फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा प्रपोजर मिसेस हार्पर, सेकंडर टेड. खऱ्या सह्या, त्यांच्या हातानं. तिथे मी पेनसुद्धा दिलं नाही, शपथ.

पण त्या फॉर्मच्या आदल्या दिवशीची गोष्ट सांगायची राहिली. मस्करी बाजूला ठेवून सांगतो.

काकांनी मला घरी बोलावलं होतं. किचन टेबलवर पत्रं मांडली होती. काकू गॅसपाशी, आमच्याकडे पाठ करून रवा भाजत होत्या. काका एकेक पत्र मोठ्यानं वाचत होते, मी मनात मोजत होतो. सात, आठ, नऊ. संपली.

काकांनी दहावं उचललं.

दहावं? मी नऊच लिहिली होती! काकांनी वाचलं. इंग्लिशमध्ये होतं, दोनच ओळी. "कृपा करून जाऊ नका. इथे अजून बरंच काम राहिलंय. एक शेजारी." मी कागद हातात घेतला. ते अक्षर मी ओळखलं. या हॉलच्या किचनमध्ये गरम पाण्याच्या नळावर जी इंग्लिश पाटी आहे ना, नळ घट्ट बंद करा म्हणून, तेच अक्षर. काकूंचं. आत्ता उठून बघायला जाऊ नका, बसा!

मी वर बघितलं. काकूंचा हात थांबला होता.

"काकू, रवा लागेल," मी म्हटलं.

"लागू दे," काकू म्हणाल्या. वळल्या नाहीत.

अडतीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याला थांब म्हणायला बाईनं स्वतःच्याच दारात बाहेरून पत्र टाकलं. आणि काकांनी ओळखलं नाही! कसं ओळखतील? काकू त्यांच्यासाठी चिठ्ठ्या मराठीत लिहितात. दूध आण, गोळी घे.

काकांनी ते पत्र माझ्या हातातून परत घेतलं. मग म्हणाले, "बाकीच्यांना क्रॉसिंग पाहिजे, बस पाहिजे. याला काहीच नकोय. नुसतं जाऊ नका म्हणतोय. मग कसा जाऊ?"

काकू म्हणाल्या, "बघा बाई, तुम्ही म्हणाल तसं."

पुढचं तुम्हाला माहितीये. शुक्रवारी सकाळी मोजणी, अकरा मतांनी निवडून आले. घराचा बोर्ड उतरला. शाळेसमोर क्रॉसिंग झालं, बस राहिली. अक्षयाच्या बाळाला काकूंनी पहिली अंघोळ घातली. आता ती चिमुरडी शाळेत जाणार, म्हणून दोघं कार्डिफला चाललेत. आणि या वेळी ठरवलं कुणी? काकूंनी. तोंडानं सांगितलं! मी ऐकलंय.

पण काका अजून त्या दहाव्या शेजाऱ्याला शोधतायत. चार वर्षं. प्रत्येक दिवाळीला एक टब जास्त भरून ठेवतात, "भेटला तर" म्हणून. काकू तो भरून देतात आणि काही बोलत नाहीत.

तर मंडळी, माझी भाषा साधी, शाळा कमी, बोलता बोलता कुणाचा मान द्यायचा राहिला असेल, कुणाला जास्त बोललो असेन तर पोराला सांभाळून घ्या. तुम्ही ऐकलंत, स्वातीताईंनी माईक ठेवला, मिसेस हार्पर शेवटपर्यंत हसल्या, सगळ्यांचे मनापासून आभार.

आणि हात जोडतो, पाया पडतो, कुणाला सांगू नका. मंडळाच्या ग्रुपवर नको, पार्किंगमध्ये नको, "फक्त तुला सांगते" असंही नको. माझ्या नऊ पत्रांचं फुटलं तर मी शिव्या खाईन, खायची सवय आहे. पण ते दहावं माझं नाही. ते सांगायचं असेल तर काकू सांगतील, कार्डिफला, एखाद्या दुपारी, त्यांना वाटेल तेव्हा. नाही वाटलं तर नाही. आपण साठ जणांनी तेवढं तोंड बंद ठेवायचं. प्लीज. एवढं कराच.