बाबांचा लांबचा शंख

(संग्रहालयाची मागची खोली. टेबलावर भिंग आणि रुमालात गुंडाळून आणलेला एक शंख.)

लेक: बेटाचं नाव तेवढं सांगा, बाई. बाबांना एकदा तिथं न्यायचंय. आता चाकाच्या खुर्चीत असतात; डॉक्टर म्हणतात, लांबचा प्रवास झेपणार नाही. पण मी नेणारच.

बाई: बेट कुणी सांगितलं तुला?

लेक: त्यांनीच. बोटीवर स्वयंपाकी होते. पांढरी वाळू, निळंशार पाणी, प्रवाळात बुडी मारून काढला म्हणाले. मी सात वर्षांची होते तेव्हा.

बाई: जरा भिंगातून बघ. लांबट, तपकिरी, निमुळता. वळशांच्या खाचांत हे काळं काय दिसतंय?

लेक: घाण असेल. किती घासलं, जात नाही.

बाई: खाडीचा गाळ आहे तो. यातली गोगलगाय खारफुटीच्या चिखलात राहते, चिखलच खाते. प्रवाळावर ती जगायची नाही गं.

लेक: मग कुठला हा?

बाई: खाडी जवळपास आहे का तुमच्या?

लेक: घरामागेच. म्हणजे... थांबा. त्या दिवशी आईनं त्यांना दारातच अडवलं होतं. गुडघ्यापर्यंत चिखल. रस्त्यात घसरलो म्हणाले.

बाई: आणि मुठीत शंख.

लेक: थाप मारली मला! शाळेत सगळ्यांना दाखवत फिरले मी.

बाई: अगं, बोटीवरच्या स्वयंपाक्याला किनाऱ्यावर फिरायला कोण सोडतं? बंदर आलं की सगळे उतरणार आणि हा भांडी घासणार. पण लेक दारात वाट बघत असणार, हे माहीत होतं ना त्यांना.

लेक: कधी बोलले नाहीत. मला वाटायचं, जग बघून येतात. मला हेवा वाटायचा हो त्यांचा.

बाई: रडू नकोस. घे, पाणी पी.

लेक: ओहोटी कधी असते?

बाई: आज चारच्या सुमाराला. चाकाची खुर्ची काठापर्यंतच जाईल हं, पुढे चिखल आहे.

लेक: पुढे मी उतरेन. ते काठावर बसतील.

बाई: रिकामा शंख असेल तरच उचल. आत जीव असला तर राहू दे.

लेक: हो. रिकामा शोधून त्यांच्या हातात देईन. समोर बसून सगळं बघत असले, तरी सांगेन, लांबच्या बेटावरून आणलाय.