अप्पांचा गोग्रास आणि कोंड्याचे मफिन

घ्या, एकदा देवाचं नाव घ्या! — हे काय? एवढं बारीक? मांडीवर पोर झोपलंय का तुमच्या? मोठ्यानं! ...हां. आता जरा जीव आला मंडपात.

मंडळी, ऐका. प्रश्न साधा आहे. आपल्याला जे नकोसं झालं, ते उचलून गाईपुढे टाकलं, तर ते दान झालं का? — माना हलवू नका! कुठलंही विचारलं तरी तुमच्या माना हलतातच. आधी गोष्ट ऐका.

बोरवाडीच्या पेठेत अंबादासअप्पांचं पशुखाद्याचं दुकान. सरकी पेंड, भुसा, गव्हाचा कोंडा. अख्खा तालुका अप्पांकडून कोंडा न्यायचा — जनावरांसाठी! आणि अप्पा स्वतः सकाळी काय खायचे? खारी, पाव, वर नानकटाई. सगळा मैदा! परिणाम? मूळव्याध! — हसताय काय? तिसऱ्या रांगेतले काका बघा, अजिबात हसत नाहीयेत. ज्याचं जळतं त्याला कळतं.

डॉक्टर म्हणाले, "अप्पा, रक्त फार जातंय. सकाळच्या खाण्यात कोंडा पाहिजे, फळं पाहिजेत. नाहीतर ऑपरेशन. आणि तुमचं हृदय ते सोसेल का, हे मी सांगू शकत नाही."

घरात सून, रेवती. सासूबाई वारलेल्या, म्हणजे सासऱ्यांचं सगळं तिच्याच गळ्यात. पोरगी कामाला लागली. घरची कणीक चाळून कोंडा काढला. त्यात गूळ, दही, कुस्करलेलं केळं, किसलेलं सफरचंद, मूठभर बेदाणे — आणि मफिन भाजले! मफिन म्हणजे वाटीएवढा केक हो, घाबरू नका. कोंड्याचा मांडा करणं आपण नुसतं म्हणतो, हिनं तो खरोखर केला.

अप्पांनी बशी बघितली. "कसला गं हा?"

"कोंड्याचा, अप्पा."

झालं! तोंड असं केलं, जणू एरंडेल पाजलं. पण सुनेला नाही कसं म्हणायचं? म्हणाले, "आधी गोग्रास! गाईला घातल्याशिवाय मी तोंडात घास घेत नाही."

कधीपासून? विचारा ना मला, कधीपासून! आयुष्यात गोग्रास काढला नाही या माणसानं! गाईनं दुकानातल्या पोत्याला तोंड लावलं, तर काठी घेऊन धावायचा! पण त्या दिवशी धर्म आठवला. मागच्या दारी गेले, बशीतले सगळे मफिन गल्लीतल्या गाईला घातले, हात जोडले — आणि तसेच बेकरीत. खारी हाणायला! हे रोज! रेवतीला बशी रिकामी दिसायची, ती खूश. गाय तिच्याहून खूश, अंग कसं तुकतुकीत झालं तिचं! आणि अप्पा? दिवसेंदिवस पांढरे पडत चालले.

आता सांगा, अशा माणसापुढे डोकं आपटायचं का? डॉक्टरला फसवलं, सुनेला फसवलं, वर धर्म मध्ये घातला — आणि मरतोय कोण? स्वतःच की!

एका सकाळी न्हाणीघराच्या दारात चक्कर येऊन पडले. दवाखाना, सलाईन, रक्ताची बाटली. थोरली बहीण आक्का धावत आली आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "रेवते! माझ्या भावाला गुरांचं खाणं घातलंस! कोंड्यानं आतडी सोलून काढलीस त्याची! मेला असता म्हणजे?"

सगळा वॉर्ड ऐकतोय. रेवती मान खाली घालून उभी. आणि अप्पा? डोळे मिटून गप्प! जागे आहेत हो, सगळं ऐकू येतंय! अरे बोल ना, भल्या माणसा! — संताप होतो, मंडळी. दर वेळी सांगताना इथं माझा संताप होतो.

रेवती रडायला लागली. "चुकलं माझं, आक्का. गुण येत नाही म्हणून मी कोंडा आणखी वाढवत गेले. मीच त्यांना या खाटेवर आणलं."

तेव्हा कुठे अप्पांना पाझर फुटला. "आक्के, गप बस. तिच्या हातचा एक घासही माझ्या पोटात गेलेला नाही. सगळं गाईनं खाल्लं."

रेवतीनं विचारलं, "का, अप्पा? माझा राग होता का?"

"नाही गं पोरी. लाज वाटायची. पेठेतली माणसं म्हणाली असती, अप्पा आता आपल्याच दुकानातलं खातो."

"मग त्या पेठेतलं कुणी आलंय का उशाशी बसायला?"

ऑपरेशन झालंच. देव दयाळू आहे, पण तुमच्यासाठी तो कोंडा खाणार नाही! हृदयानं कसंबसं सोसलं. घरी आल्यावर अप्पांनी पहिल्यांदा मफिनचा तुकडा मोडून तोंडात टाकला, आणि म्हणाले, "अगं, हा तर गोड आहे!"

ऐकलंत? चवसुद्धा बघितली नव्हती शहाण्यानं!

मग, दान झालं का ते? गाईचं पोट भरलं, तिचं भलं झालं. पण दान म्हणजे आपल्या तोंडचा घास काढून देणं. आपल्याला खावं लागू नये म्हणून दिलं, ती चोरी! कष्ट सुनेचे, पुण्य अप्पांचं — वा रे वा!

उद्या सकाळी तुमच्याही पुढे बशी येईल. नाक मुरडाल, ठाऊक आहे मला. "हे काय, पोहे नाहीत?" म्हणाल. अरे, तुम्ही जगावं म्हणून कुणीतरी अंधारात उठलेलं असतं! तिच्यासमोर बसून खा. आणि हात धुवायला उठण्याआधी एवढं विचारा, "तू खाल्लंस का गं?" — किती जणांनी आज विचारलं? ...बघा, आता एकही मान हलत नाही.