मायनस राहिला!

…नाही, पण मला सांगा, चोपन्न वर्षांच्या माणसाला असं फळ्यासमोर उभं करतात का हो? हातात खडू, पुढ्यात अठरा-एकोणीस वर्षांची वर्गभर पोरं, आणि ते सर… वयानं माझ्या पुतण्याएवढे… चष्मा वर सरकवून म्हणतात, "काका, मायनस राहिला!" परत? परत! काल राहिला, परवा राहिला, अहो, मी म्हणतो राहिला एखाद दिवशी, तर काय पूल कोसळणार आहे? तर म्हणतात, "हो काका. पूलच कोसळतो."

तुम्हाला सांगतो, माझं चष्म्याचं दुकान आहे. गिऱ्हाईक दारात उभं राहून पाटीकडे डोळे बारीक करून बघतं ना, तेवढ्यावर मी नंबर ओळखतो. सरांचाही ओळखला होता पहिल्याच दिवशी, मायनस साडेतीन, आणि फ्रेम डावीकडे कलती, हात शिवशिवत होते माझे! असा मी माणूस. आणि मला कॅल्क्युलस? तेही दुसऱ्या सेमिस्टरचं? पहिलं मी काढलं होतं माझ्या काळात, कसंबसं. मग वडील आजारी पडले, चार दिवस दुकानात बस म्हणाले, तो बसलो तो बसलोच. त्या चार दिवसांचे केस पांढरे झाले.

मग आत्ता कशाला गेलात, असंच विचाराल ना? सगळे तेच विचारतात. ऐका.

आमची लेक. एकुलती एक. सातवीत असताना काच घासायचं मशीन खोलून परत जोडलं होतं तिनं. एक स्क्रू उरला, पण मशीन आधीपेक्षा बरं चालायला लागलं! तेव्हापासून एकच धोशा, इंजिनियर होणार. आणि ही पोरगी नेमकी या एका विषयात आपटली. त्या दिवशी घरी आली, चप्पल काढली, आणि सरळ सांगून टाकलं, "मी नाही जाणार आता. माझ्याबरोबरचे सगळे पुढं गेले. मी एकटी त्या धाकट्या पोरांत जाऊन बसू? त्यापेक्षा दुकानात बसते." आमची ही म्हणाली, "बसू दे की, तुम्हालाही हाताखाली कुणी होईल." अहो, दुकानात बसते म्हणजे काय, ते या घरात माझ्याशिवाय कुणाला माहीत?

तोंडातून निघून गेलं, "मी येतो तुझ्याबरोबर."

"सोडायला?"

"बसायला."

ही म्हणाली, "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" नव्हतंच. पण ऑफिसात विचारलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, "पहिलं झालंय ना? मग एकच विषय घेऊन बसता येईल." घ्या! नाही म्हणायची पाळी असते तेव्हा हे लोक हो म्हणतात.

आणि लेकीच्या अटी ऐका. कॉलेजात ओळख दाखवायची नाही. हाक मारायची नाही. कुणाला चष्मा कुठून घेतलास म्हणून विचारायचं नाही. म्हणजे सोबत म्हणून गेलो, आणि बसलो कुठं? ती खिडकीशी शेवटच्या बाकावर, मी दाराशी पहिल्या! सोबत! पण एक झालं बरं का… वर्गाला हसायला मी आयता सापडलो, त्यामुळे तिच्याकडे बघायला कुणाला सवडच राहिली नाही. म्हटलं, हसा लेको, पोटभर हसा, मान इकडेच ठेवा!

पण ती तोंड उघडेना. सर विचारायचे, ती खाली बघायची. मी पेन पाडून, ते उचलायच्या निमित्तानं मागं बघायचो, तर तिचं पेन टोपणातच. परीक्षा तोंडावर आली. या खेपेला विषय सुटला नाही तर ती गेलीच गल्ल्यावर, हे मला दिसत होतं. आणि मला काय येत होतं तिला शिकवायला? माझा रोजचा तोच पाढा, "काका, मायनस राहिला!"

तर तो दिवस. सरांनी मला उठवलं. फळ्यावर गणित, एक्स साइन एक्सचं इंटिग्रेशन करा. आता माझी फजिती तुमच्या डोळ्यांसमोर आलीच असेल, पण तुम्हाला सांगतो, मी केलं! याला धरलं, त्याला सोडलं, इकडचं तिकडं नेलं, आणि उत्तर लिहिलं ठसठशीत… एक्स कॉस एक्स, अधिक साइन एक्स. असा ऐटीत वळलो! तर सर म्हणतात, "काका, सुरुवातीचा मायनस राहिला."

मी म्हटलं, "नाही सर, आहे."

"कुठं आहे?"

"आहे की! हा काय!"

वर्ग असा फुटला हसून… बाकं बडवायला लागली पोरं! आणि मला खरोखर दिसत होता हो, देवाशपथ दिसत होता! सर बिचारे सज्जन. हळूच म्हणाले, "काका, नसेल जमत तर राहू द्या. या वयात कशाला डोक्याला ताप?"

मग मागं बाक सरकल्याचा आवाज झाला.

"सर, ते चुकलेले नाहीत." आमची लेक! उभी! "आमच्या दुकानात मायनस लिहीतच नाहीत. दहातल्या नऊ गिऱ्हाइकांचा नंबर मायनसच असतो, म्हणून बाबा नुसता आकडा लिहितात. चिन्ह नाही म्हणजे मायनस. प्लस असेल तरच खूण करतात. बघा ना, पुढचा प्लस लिहिलाय त्यांनी बरोबर!"

आमच्या दुकानात, म्हणाली. बाबा, म्हणाली. सगळ्या वर्गादेखत! आणि मी… काय सांगू तुम्हाला… खडूचा हात तसाच डोळ्यांना लावला, आणि चष्म्याची काच पांढरी करून बसलो. चष्मेवाला मी!

सर फळ्याकडे बघतात, माझ्याकडे बघतात. मग म्हणाले, "बरं, मग तुम्ही या, आणि आमच्या रीतीनं लिहून दाखवा." आली हो! माझ्या हातातून खडू घेतला, मायनस टाकला, शेवटचा अधिक सी टाकला, तोही मी गिळलाच होता, आणि मग पुढचं गणित, त्याच्या पुढचं… सर नुसते बाजूला उभे. सगळं येत होतं तिला! फक्त जागेवरून उठायचं राहिलं होतं.

त्या दिवसापासून माझ्या शेजारी बसायला लागली. पहिल्या बाकावर. आणि सरांना बोलायचं कामच ठेवलं नाही. बरगडीत कोपर, "बाबा, मायनस!" माझ्या बरगडीला विचारा तुम्ही!

निकाल लागला. लेकीचा विषय सुटला, नुसता सुटला नाही, वर्गात दुसरी आली. आमच्या हिनं शेजारपाजारच्या सगळ्यांना सांगून झाल्यावर मला विचारलं, "आणि तुमचं काय?" माझे एकतीस. पास व्हायला चाळीस. म्हटलं, जाऊ दे, आपलं काम झालं, आता दुकान बरं. तर लेक म्हणते, "जाऊ दे कसं? तुमचं नाव घालून आले मी परत."

"अगं, पण तू पुढच्या वर्गात! मी एकटा त्या धाकट्या पोरांत जाऊन बसू?"

"मी येते ना, तास नसेल तेव्हा."

"सोडायला?"

"बसायला."

झालं! सोमवारपासून परत तो बाक, परत ते सर, परत ते कोपर. आणि हो, त्या एकतीसच्या पुढं चिन्ह नाहीये बरं का. आमच्या दुकानाच्या रीतीनं वाचलं तर… जाऊ द्या. नकाच वाचू!