खेकडे कुणाच्या बांधातले?

नाय, पण मला एक सांगा, खेकड्यावर नाव लिहिलेलं असतं का? पाठीवर? नांगीवर? मग माझ्या मडक्यात पडलेला खेकडा सावळारामचा कसा?... हसताय? हसा. पाऊस उघडेस्तवर मुरबाडच्या बाजारातून ना तुमी हलणार ना मी. माझा जीव तिकडे बांधाला टांगलेला, पण जाणार कसा? तेव्हा ऐकाच.

तुमाला सांगतो, आमचं गाव सिद्धगडाच्या पायथ्याला, शेतं म्हणजे नुसत्या पायऱ्या, वरचं खाचर माझं, त्याच्या खालचं सावळारामचं, आणि सावळाराम कोण, तर माझ्या कारभारणीचा सख्खा भाऊ! आता खेकडा काय करतो? बांध पोखरतो. कुणाचा? माझा! संध्याकाळी पाणी अडवून घरी यायचं, सकाळी बघावं तर खाचर कोरडं आणि सगळं पाणी भोकातून खाली मेव्हण्याकडे! दोन वर्षं माझं भात पोचट, पोरांना नाचणीच्या आंबिलीवर काढायला लागले दिवस, आणि सावळाराम बोलतो काय, "भावजी, देवाची करणी!" देवाची? अरे, खेकड्याची!

मी काय काय नाय केलं? भोकात हात घातला, बोट फोडून घेतलं. भोकं बुजवली, त्यांनी शेजारी नवी पाडली. त्यात गेल्या पावसाळ्यात, ती विलायतेतली लढाई सुरू व्हायच्या जरा आधी, शेतकीचा साहेब आला. डोक्यावर टोप, अर्धी विजार, आणि बूट हातात, कारण आमच्या चिखलात बूट घालून जो शिरतो तो अनवाणीच बाहेर येतो. चावडीत बसला आणि बोलला, "मंडळी, खेकडा वासावर येतो. बांधाशी मडकं पुरा, तोंड चिखलाच्या बरोबरीनं, आत भाजलेला कोंडा टाका. येईल, पडेल, आणि गुळगुळीत मडक्यातून त्याला वर चढता येणार नाही. हे शास्त्र आहे!"

आता हे मी आधीच सांगून ठेवतो हां, शास्त्राची चूक नाय, शास्त्र एकदम बरोबर!

पण चावडीत सगळे माना खाली घालून हसतायत, खेकडे काय आमी आज बघतोय? साहेब विचारतो, "कोण करून बघणार?" आणि मागून, बायकांतून, आवाज, "आमचे करतील!" आमचे कोण? मी! घरी जाऊन मडकी मागितली तर कारभारीण फणकारली, "अवो, माझी मडकी कशाला?"

"अगो, तूच बोललीस ना?"

"मी तुमचं नाव दिलं, मडक्यांचं नाय!"

शेवटी दिली, पाणी पाझरणारी. कोंडा मी सोता तव्यावर भाजला, असा घमघमाट सुटला की पयल्यांदा आमचा कुत्राच मडक्यात तोंड घालून बसला. सकाळी जाऊन बघतो तर काय... भरलेली! एकावर एक, नांग्या वर, जशी काय पंचायत भरलीय! आणि बांध? अख्खा! खाचरात घोटाभर पाणी, त्यात सिद्धगड उलटा दिसतोय. तुमाला सांगतो, मी मटकन बांधावर बसलो. दोन वर्षांनी माझं पाणी माझ्या शेतात होतं हो! डोळे भरून आले, कुणी बघत तर नाय ना म्हणून वळलो, तर मागे सावळाराम उभा.

"भावजी, यातले निम्मे माझे."

"कसे?"

"माझ्या बांधातले. कोंड्याच्या वासानं वर आले. हा बघा, एका नांगीचा, ह्याला मी वळखतो."

वळखतो! अरे, तुझेच होते तर माझा बांध पोखरत होते तेव्हा का नाय वळखलेस? मी खेकडे टोपलीत ओतून टोपली छातीशी धरलेली, तो ओढतोय, खेकडे आमच्या दोघांची बोटं धरतायत, आणि बांधावरून कारभारीण काय ओरडते, "अवो, भावाला चार खेकडे देववत नाय तुमाला?" झालं. टोपली गेली.

संध्याकाळी त्याच्या घरातून रश्श्याचा वास गावभर फिरला, आणि दुसऱ्या दिवशी घराघरात कोंडा भाजायला बसले सगळे! शास्त्रासाठी नाय हो, रश्श्यासाठी! साहेब परत आला, बघतो तर बांधाबांधाला मडकं. हरखला बिचारा, "बघा, पटलं ना शास्त्र?" मी कशाला बोलू? आणि खोटं तरी काय होतं त्यात? भोकं थांबली, बांध टिकले. शास्त्राची चूक नाय, शास्त्र एकदम बरोबर!

मग भात पोटरीला आलं आणि पावसानं दडी मारली. आभाळ कोरडं, रोज वर बघून मान दुखायला लागली. माझ्या खाचरात पाणी उभं, भात हिरवंगार, आणि खाली? सावळारामची जमीन मुरमाड, पाणी धरतच नाय. इतकी वर्षं ती माझ्या बांधाच्या भोकांवर जगत होती, हे त्याला ठाऊक नाय, मला ठाऊक नाय, आणि साहेबाच्या शास्त्राला तर कुणी सांगितलंच नव्हतं!

आला सावळाराम. या खेपेला खेकडे मागायला नाय. अंगणात उभा राहिला, मान खाली. "भावजी, भात पिवळं पडलं. पोरांना काय घालू?" एवढंच. मी कारभारणीकडं बघितलं, म्हटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं हो, भांडलो असतो, दार आपटलं असतं! तिनं मला ताट वाढलं आणि चुलीकडं तोंड करून बसली, न जेवता. घास उतरतो का मग?

उठलो, काठी घेतली, बांधावर गेलो आणि ज्या बांधापायी दोन वर्षं रडलो त्याला माझ्या हातानं भोक पाडलं. पाणी खळखळत खाली गेलं. सावळाराम पलीकडं उभा, चिखल सारून वाट करत होता पाण्याला. रोज सकाळी भोक पाडायचं, दुपारी बुजवायचं. भात दोघांच्याही घरात आलं, माझ्या जरा कमी, त्याच्या जरा बरं, पण नाचणीवर नाय राहिलं कुणी. औंदा परत उघाडी पडली, परत तेच.

आणि परवा, मी बांधावर उकिडवा, कोपरापर्यंत हात भोकात, माती उकरतोय, आणि वरून आवाज, "काय नथू, अजून एखादा खेकडा राहिला वाटतं?" बघतो तर साहेब! हातात बूट!

काय सांगू? बोललो, "राहिला ना साहेब, हा काय तुमच्यासमोर बसलाय. पण हा नाय पडायचा तुमच्या मडक्यात... ह्याचं लगीन झालंय."