टाचेत जिरलेला मुद्देमाल

— नाही हो साहेब, मी कुठे नाकारतेय? सहा पट्ट्या कमी आहेत आणि त्या मीच नेल्या. लिहा तुम्ही. नऊ वर्षं या प्रयोगशाळेतलं हे मशीन मी चालवते, दुसरं कोण नेणार? आणि पट्टी म्हणजे कापड नव्हे बरं का — औषध कालवलेलं पॉलिमर सुईच्या टोकाशी येतं, वीस हजार व्होल्ट त्याला खेचतात आणि त्या फिरत्या ढोलावर तंतू बसत जातात, केसाचे शंभर उभे भाग केले तर त्यातला एक, एवढे बारीक. त्यांचा थर जमला की कांद्याच्या पापुद्र्यासारखा दिसतो. तो जखमेवर ठेवायचा — औषध हळूहळू झिरपतं आणि तंतू जिरून जातात. जिरून जातात, हे ठळक लिहा. सगळा घोळ त्यानंच झालाय.

कोणासाठी म्हणजे? सासूबाईंसाठी. साखरेचा आजार, उजव्या टाचेला जखम, दोन वर्षं भरायचं नाव नाही. डॉक्टर म्हणाले, महिनाभर बघू, नाहीतर पाऊल काढू — नख काढू म्हणावं तसं म्हणाले. माणसावर लावायची परवानगी नव्हती, ठाऊक आहे मला. पण दिवसभर इथे उंदरांच्या जखमा भरताना बघायच्या आणि घरी जाऊन ती टाच बघायची — तुम्ही काय केलं असतंत? नका सांगू, तुमची नोकरी आहे. मी दर चार दिवसांनी एक पट्टी लावली. सहाव्या पट्टीला टाच भरली. स्वयंपाकघरापर्यंत चालत आल्या आणि म्हणाल्या, भाजी करपतेय.

आता तुमच्याकडे आलेली ती तक्रार उलटा आणि खालची सही बघा. वळणदार आहे ना? त्याच त्या. मुख्याध्यापिका होत्या. ‘माझ्या टाचेवरील सहा पट्ट्या सुनेने मी झोपेत असताना काढून प्रयोगशाळेत परत नेल्या, तरी त्या मला मिळाव्यात.’ मी परोपरीनं सांगितलं, आई, त्या जिरल्या. तर म्हणतात, वस्तू जिरत नाही, कोणीतरी जिरवतं. गादी उसवून झाली, माझा डबा तपासून झाला. म्हणजे इथल्या नोंदीप्रमाणे मी चोरून घरी नेल्या आणि घरच्या नोंदीप्रमाणे चोरून इथे आणल्या. माल कुठे आहे? टाचेत आहे, साहेब. जप्त करायचा तर सासूबाईंना जप्त करावं लागेल — आणि सांभाळून ठेवावं लागेल, त्यांना सकाळी सहाला चहा लागतो.

हसू नका. माझी नोकरी जाईल यात. आणि खरं सांगू? मी काही पुण्य करायला गेले नव्हते. पाऊल गेलं असतं तर त्या जन्मभर आमच्याकडेच राहिल्या असत्या, खुर्चीत, माझ्या ओट्यासमोर. बरं वाटलं की थोरल्या जाऊबाईंकडे जायचं, असं ठरलेलं. म्हणून आणल्या मी पट्ट्या. बॅग भरून दारात ठेवलीय, दीड महिना झाला. पट्ट्या मिळाल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही म्हणतात. तेव्हा अहवालात माझ्याबद्दल काय हवं ते लिहा, पण एक ओळ घाला — पट्ट्या सापडल्या. शिक्का मारून द्या. शिक्क्यावर विश्वास आहे त्यांचा. मग जातील.

रोज? रोज घरी काय होतं म्हणता? विशेष काही नाही. संध्याकाळी मी घरी गेले की सासूबाई पाय पुढे करतात. मी टाच हातात घेते आणि बघते. भरलेलीच आहे, बघायचं काय त्यात — पण बघते. साधी पट्टी गुंडाळते. औषधाची आहे का, असं विचारतात, मी हो म्हणते. त्यांना कळतं ती साधी आहे. साहेब, लग्नाला अकरा वर्षं झाली, माझ्याशी दिवसाला चार शब्द बोलायच्या, आता टाच हातात असेपर्यंत शाळेतल्या गोष्टी सांगत बसतात. मीही जरा सावकाशच गुंडाळते. परवा जाऊबाईंचा फोन आला, कधी पाठवतेस म्हणून. मी म्हटलं, चौकशी चालू आहे, अजून बरेच दिवस चालेल.

…काय म्हणालात? आजच संपवता? शिक्का आणलाय बरोबर?

नाही. राहू द्या. पुढच्या महिन्यात या. दार नीट ओढून घ्या, ओलावा आला की तंतू तुटतात.